मेन पाडता येत नाही तिथे

उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमध्ये कुणाला करंट लागला की पहिली आरोळी ठरलेली : "मेन पाड!" लेथवर नुकत्याच आलेल्या पोराला ओहमचा नियम सांगता येणार नाही, पण मेन कुठल्या भिंतीवर आहे ते त्याला पहिल्याच दिवशी दाखवलेले असते. घरात, फाउंड्रीत, नदीकाठच्या मोटरीवर हा नियम बिनचूक चालतो. वीज तोडली की धोका संपला.

आता कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात या. २८ सप्टेंबर २०२०ची पहाट. करोनाची पहिली लाट शहरावरून अजून ओसरली नव्हती. ट्रॉमा केअरच्या अतिदक्षता विभागात आग लागली. आत करोनाचे गंभीर रुग्ण होते. कर्मचाऱ्यांनी त्यांना तिथून काढून दुसऱ्या विभागात हलवले. कारण म्हणून शॉर्टसर्किटचेच नाव पुढे आले. अशा खोलीत उभ्या असलेल्या माणसाने काय करावे? वीज चालू ठेवली तर आगीला खतपाणी. मेन पाडला तर अंधार, आणि व्हेंटिलेटर आपापल्या पोटातल्या बॅटरीवर. ती बॅटरी पाच मिनिटे चालेल की अर्धा तास, हे ज्याने अलीकडे तपासले असेल त्यालाच ठाऊक.

घरी जी गोष्ट जीव वाचवते तीच इथे जीव घेऊ शकते. दवाखान्यातल्या विजेचे सगळे वेगळेपण या एका अडचणीतून निघते. ते समजायला आधी थोडा हिशेब करावा लागेल.

कळंब्याचा तलाव शहरापेक्षा उंचावर आहे, म्हणून त्याचे पाणी एकेकाळी पंपाशिवाय, नुसत्या उताराने शहरात यायचे. ती उंची म्हणजे व्होल्ट. नळातून दर सेकंदाला जेवढे पाणी पडते ते अँपियर. नळ जितका बारीक आणि गाळाने भरलेला, तितका अडथळा, तो ओहम. माणसाला मारतो तो प्रवाह, उंची नव्हे. महावितरणची वीज घरात २३० व्होल्टने येते आणि सेकंदाला ५० आवर्तने करते. शरीराचा अडथळा कमी झाला की त्याच २३० व्होल्टमधून जास्त अँपियर वाहतात. सगळा खेळ अडथळ्याचा आहे.

हा अडथळा जवळजवळ सगळा कातडीत असतो. कोरड्या, घट्टे पडलेल्या हाताचा अडथळा ५० हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला साडेचार मिलिअँपियर वाहतील. झटका बसेल, शिवी तोंडातून निघेल, पण हात सुटेल. तोच हात घामाने किंवा पाण्याने ओला झाला की अडथळा हजार-दोन हजार ओहमवर येतो आणि प्रवाह शंभर मिलिअँपियरच्या पलीकडे जातो. कातडीच्या आत तर रक्त आणि खारट द्रवच आहेत, ते विजेला फारसे अडवत नाहीत.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले विद्युत अभियंते चार्ल्स डाल्झिएल यांनी धडधाकट स्वयंसेवकांवर हे मोजून पाहिले. साधारण १ मिलिअँपियरला मुंग्या जाणवतात. पुरुषांचा हात सरासरी १६ आणि बायकांचा साडेदहा मिलिअँपियरपर्यंत स्वतःच्या ताकदीने सुटतो. त्यापुढे स्नायू आवळतात आणि माणूस तारेला चिकटतो. 'वीज ओढून घेते' असे आपण म्हणतो, पण ओढत असतात आपलेच स्नायू. प्रवाह ३० च्या आसपास गेला की श्वास अवघड होतो. ५० ते १०० मिलिअँपियर छातीतून गेले तर हृदयाचे ठोके मोडतात आणि ते नुसते थरथरत राहते. आता छतावरच्या ९ वॉटच्या एलईडी बल्बकडे पाहा. तो साधारण ४० मिलिअँपियर घेतो. माणूस मारायला एवढी वीज जवळजवळ पुरते. डाल्झिएल यांनीच पुढे, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करणारे उपकरण तयार केले. आपल्याकडे घरातल्या बोर्डावर 'टेस्ट' असे बटण असलेला जो आरसीसीबी बसवतात तो याच घराण्यातला. हिशेबात ३० मिलिअँपियरची तूट आली की तो पडतो. ते बटण महिन्याला एकदा दाबायचे असते, पण आपल्याकडे बहुतेक घरांत ते इलेक्ट्रिशियनने बसवताना दाबले तेवढेच.

थरथरणाऱ्या हृदयावरचा उपायही विजेच्या अपघातांतूनच सापडला. अमेरिकेत तारांवर काम करणारे लाइनमन मरत होते, म्हणून वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा दिला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवन हे त्यावर काम करत. ते डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंते होते. बाहेरून विजेचा एक जोरदार झटका देऊन हृदय पुन्हा ताळ्यावर आणता येते का, हे प्राण्यांवर पाहताना त्यांच्या चमूला दिसले की छातीवर पॅडल नुसते दाबले तरी रक्तदाब वर सरकतो. त्यातून १९६० मध्ये छाती दाबण्याची पद्धत जगापुढे आली. आज सीपीआरच्या कॅज्युअल्टीत येणाऱ्या बेशुद्ध माणसाची छाती दाबतात ती हीच.

हे सगळे धडधाकट माणसाचे आकडे झाले. कॉटवर पडलेला पेशंट या हिशेबात बसत नाही. त्याच्या कातडीचा अडथळा आपणच काढून टाकलेला असतो. छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड चिकटवताना खाली जेल लावतो ते त्यासाठीच. हातात सलाइनची नळी, मूत्राशयात कॅथेटर, नळ्यांच्या आत खारट पाणी. भूल दिलेला असेल तर झटका बसल्यावर हात मागे घेणार नाही, ओरडणारही नाही. शिवाय मॉनिटर, सिरिंज पंप, व्हेंटिलेटर, हवेची गादी अशा चार-पाच विजेच्या यंत्रांशी तो एकाच वेळी जोडलेला. घरात आपण मिक्सर आणि इस्त्री एकदम अंगाला लावून बसत नाही.

आणि काही पेशंटच्या बाबतीत तार थेट हृदयापर्यंत गेलेली असते. तात्पुरता पेसमेकर बसवला की त्याची बारीक वायर शिरेतून आत जाऊन हृदयाच्या स्नायूला टेकते आणि दुसरे टोक बाहेर राहते. बाहेरून हातात शिरलेला प्रवाह सगळ्या छातीत पसरतो, त्यातला अगदी थोडा हृदयाच्या वाट्याला येतो. इथे मात्र सगळाच प्रवाह एका बिंदूवर. १९६०च्या दशकात कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत अशा तारेतून गेलेले २० मायक्रोअँपियरही हृदयाला पुरले. मायक्रोअँपियर म्हणजे मिलिअँपियरचा हजारावा भाग. जो करंट कातडीला जाणवतो त्याचा पन्नासावा हिस्सा. म्हणून हृदयाशी जोडायच्या यंत्रातून नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपियरपेक्षा जास्त गळती चालत नाही, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. मॉनिटरवर जिथे ईसीजीची केबल खोचतात त्या भोकाशेजारी नीट पाहा : एका चौकटीत बदामाच्या आकाराचे हृदय काढलेले असते, कधी त्याच्या दोन्ही बाजूंना पॅडलची खूण. हा भाग थेट हृदयाला चालेल, आणि पॅडल असतील तर वरून शॉक दिला तरी यंत्र तगेल, असा त्याचा अर्थ. नुसत्या माणसाचे चित्र असेल तर ते यंत्र हृदयासाठी नाही.

ही गळती येते कुठून? बहुतेक यंत्रांच्या पोटात, वीज आत शिरते तिथेच, एक छोटा फिल्टर असतो. त्यातले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून थोडी-थोडी वीज यंत्राच्या धातूच्या अंगाकडे सोडतात. अर्थिंग शाबूत असेल तर ती थेंबभर वीज हिरव्या वायरीतून जमिनीत जाते, कुणाला पत्ता लागत नाही. अर्थिंग तुटले की तीच वीज यंत्राच्या अंगावर साठून राहते. मल्टिमीटर लावला तर जवळपास ११५ व्होल्ट दाखवतो. यंत्र छान चालत असते, फक्त पत्र्यावरून बोटाची पाठ हलकेच फिरवली की झिणझिण्या येतात. वॉर्डात असे यंत्र असले की सिस्टर एकमेकींना सांगतात, "त्याला हात लावू नका, ते जरा करंट मारतंय." 'जरा' म्हणजे काही शे मायक्रोअँपियर असू शकतात. सिस्टरला त्याने काही होणार नाही. पण तिचा एक हात त्या मॉनिटरवर आणि दुसरा, ग्लोव्हजशिवाय, पेसमेकरच्या उघड्या टोकावर असेल, तर तिच्या अंगातून पेशंटच्या हृदयापर्यंत वाट तयार झाली. तिला मुंग्यासुद्धा जाणवणार नाहीत कदाचित. पेसमेकरच्या वायरीला हातमोजे घालूनच हात लावायचा, आणि त्या वेळी दुसरा हात यंत्रावर ठेवायचा नाही, ही शिस्त त्यासाठी आहे.

हिरवी वायर तुटते कशी, त्याच्या तऱ्हा आपल्याकडे भरपूर. थ्री पिनची वरची पिन जाड आणि लांब असते. आत जाताना तिने सगळ्यांत आधी टेकायचे आणि निघताना सगळ्यांत शेवटी सुटायचे, एवढ्यासाठी ती लांब. टू पिनच्या सॉकेटात बसावे म्हणून ती मोडून टाकलेली दिसते. प्लगच नसेल तर नुसत्या वायरी काड्यापेटीच्या काड्या खोचून बसवलेल्या. याहून फसवा प्रकार परदेशी यंत्रांचा. युरोपातल्या कित्येक देशांच्या गोल प्लगला अर्थ पिन नसते, दोन बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. त्याच्या दोन पिना आपल्या ६ अँपियरच्या सॉकेटात झोकात बसतात, यंत्र चालू होते, सगळे खूश. अर्थिंग मात्र कुठेच जोडलेले नसते. असे यंत्र आले की प्लग कापून आपला थ्री पिन लावायला हवा. बाजारातला अ‍ॅडॉप्टर हा त्यावर उपाय नाही.

हिरवी वायर शेवटी जाते खड्ड्यात. तिथे पुरलेल्या पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरलेले असते, वर सिमेंटचे झाकण. पावसाळ्यात कोल्हापुरात जमिनीला ओलाव्याची कमी नसते, त्यामुळे जून ते ऑक्टोबर बहुतेक अर्थिंग गुणी वागते. खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांची. पंचगंगेकाठची काळी माती सुकून भेगाळते, राधानगरी-गगनबावड्याकडे तर जांभा आणि खडक. जुने वायरमन उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात ते अडाणीपणाने नव्हे. मोजमाप घ्यायचे तर तेव्हाच घ्यावे. पावसाळ्यात घेतलेला चांगला आकडा फायलीत शोभून दिसतो, एवढेच.

या मायक्रोअँपियरच्या भीतीने अमेरिकेत एकदा मोठी खळबळ उडाली होती. ग्राहकांसाठी लढणारे राल्फ नेडर यांनी १९७१ मध्ये एका मासिकात लिहिले की, दरवर्षी १२०० अमेरिकन रुग्णालयांत विजेच्या धक्क्याने मरतात. त्या आकड्याला पुरेसा आधार कधीच मिळाला नाही. पण त्या धसक्याने रुग्णालयांनी यंत्रांची गळती मोजायला माणसे नेमली आणि बायोमेडिकल इंजिनिअर या पेशाला बळ मिळाले. डळमळीत आकड्यातून एवढे चांगले काम क्वचितच झाले असेल.

ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र सुरुवातीची, मेन पाडता न येण्याची अडचण मुळातूनच सोडवलेली असते. आपल्या घरच्या विजेत न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, म्हणून जमिनीवर उभ्या माणसाने फेजला हात लावला की वर्तुळ पूर्ण होते. चांगल्या थिएटरसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवतात आणि त्यातून निघणाऱ्या दोन्ही तारा जमिनीपासून सुट्या ठेवतात. एखाद्या यंत्रात तार सुटून पत्र्याला टेकली तरी प्रवाहाला परतीची वाटच नसते. शॉक नाही, आणि मुख्य म्हणजे काहीच पडतही नाही. पोट उघडे असताना दिवे आणि भुलीचे यंत्र चालू राहते. भिंतीवरचे एक मॉनिटर तेवढे ओरडू लागते : पहिला दोष आला आहे, आताचे ऑपरेशन संपवा आणि मग यंत्र शोधा. हे ओरडणे कर्कश असते, म्हणून गप्प करण्याचे बटण दिलेले असते. ते दाबून लगेच विसरून जाणे फार सोपे. दुसरा दोष आला की मग सगळे पडते.

जुन्या थिएटरमध्ये सॉकेट माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर का, असा प्रश्न पडत असेल तर उत्तर ईथरमध्ये आहे. ईथरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरायची. खाली ठिणगी पडली तर भडका. ईथर गेले. स्पिरिट मात्र आहे. कातडी स्पिरिटने पुसून ती सुकायच्या आत कॉटरी चालवली तर पेशंटच्या अंगावरच्या चादरी पेटू शकतात. कॉटरी, म्हणजे विजेने कापायचे यंत्र. १९२६ मध्ये बोस्टनमध्ये हार्वी कुशिंग यांनी विल्यम बोवी यांचे यंत्र मेंदूच्या ऑपरेशनला वापरले, तेव्हापासून ते रुळले. त्याची वीज सेकंदाला काही लाख आवर्तनांची असते, एवढ्या वेगाला नसा दाद देत नाहीत, म्हणून शॉक बसत नाही. पण ती वीज परत जाण्यासाठी मांडीखाली जे पॅड लावतात ते सगळीकडून नीट चिकटले नसेल, तर थोड्याशा जागेत सगळा प्रवाह एकवटतो आणि तिथे पेशंट भाजतो.

वीज जायला नको ही दुसरी बाजू पुरात कळते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. उपकेंद्रे पाण्यात गेली, शहराच्या मोठ्या भागाची वीज तोडावी लागली. मानक सांगते की थिएटरचा मुख्य दिवा अर्ध्या सेकंदात आणि जीव तोलून धरणारी यंत्रे १५ सेकंदांत पर्यायी विजेवर यावीत. पहिल्यासाठी यूपीएस, दुसऱ्यासाठी जनरेटर. पण कागदावरचा हा १५ सेकंदांचा हिशेब जनरेटर तळमजल्यावर असेल तर पुराच्या पाण्यात बुडतो, आणि डिझेलचा टँकर येणारा रस्ताही त्याच पाण्याखाली असतो. पाणी ओसरल्यावर बोर्डात गाळ राहतो, तो वरून वाळला तरी आत ओल धरून असतो. तिथे मेगर लावून इन्सुलेशन मोजल्याशिवाय सप्लाय सोडणे म्हणजे नवी आग मागवणे.

आणि आपल्याकडे दवाखान्यांत विजेने जे जीव एकदम, मोठ्या संख्येने घेतले ते मायक्रोअँपियरने नव्हे, आगीने. ९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. सतरा बाळे होती, दहा गेली. चौकशीत सुरुवात एका बेबी वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमधल्या ठिणगीपासून झाल्याचे पुढे आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरचे जिल्हा रुग्णालय. दोन्हीकडे अतिदक्षता विभागच. हा योगायोग म्हणता येत नाही. ही खोली दिवसरात्र चालते, वायरीला थंड व्हायला उसंत नाही. एसीसाठी खिडक्या बंद. आणि हवेत ऑक्सिजन. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. नाकातल्या नळीतून मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन सोडणारी यंत्रे बंद खोलीत लावली आणि हवा बाहेर गेली नाही की हे प्रमाण वाढते. दोन-चार टक्के वाढले तरी एरवी नुसती धुमसणारी चादर भडकून पेटते.

ठिणगीच्या आधी मात्र बराच काळ नुसती उष्णता असते. सॉकेटच्या मागचा स्क्रू ढिला झाला आणि तिथे दशांश एक ओहमचा अडथळा आला, असे धरा. २० अँपियर वाहत असतील तर उष्णता होते वीस गुणिले वीस गुणिले दशांश एक, म्हणजे ४० वॉट. एवढ्यावर सोल्डरिंग आयर्न तापते. ते आयर्न भिंतीतल्या बंद डबीत चोवीस तास ठेवल्यासारखे झाले. एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह हद्दीतच आहे. आरसीसीबी पडत नाही, कारण गळती नाही. कुठलेही संरक्षक उपकरण याकडे पाहत नाही. प्लास्टिक आधी पिवळे, मग तपकिरी होते, आणि त्याला एक विशिष्ट वास येतो, सुके मासे भाजल्यासारखा. हा वास ज्याने एकदा ओळखला तो विसरत नाही, आणि वॉर्डात तो पहिल्यांदा येतो रात्रपाळीच्या सिस्टरला.

तिने तो सांगायचा कुणाला, इथे घोडे अडते. सरकारी रुग्णालयात भिंत, वायरिंग आणि सॉकेट सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे. यंत्र आणि त्याचा प्लग बायोमेडिकलकडे किंवा कंपनीच्या माणसाकडे. तापतो तो नेमका या दोघांच्या मधला सांधा. कंपनीचा माणूस येऊन काळा पडलेला प्लग बदलतो आणि सही घेऊन जातो. जळक्या सॉकेटातल्या पितळी पट्ट्यांची पकड तापून गेलेली असते, त्यात नवा प्लग खोचला की त्याच्या पिनाही पंधरवड्यात काळ्या. दोन्ही एकाच दिवशी बदलावे लागतात, म्हणजे दोन खात्यांची माणसे एकाच दिवशी त्या कॉटपाशी यावी लागतात. तोपर्यंत त्या यंत्राला लांबच्या सॉकेटातून एक्स्टेन्शन बॉक्स ओढला जातो, तो कॉटखाली, सलाइनच्या स्टँडशेजारी पडून असतो, आणि त्याच्या उरलेल्या भोकांत कुणाच्या तरी नातेवाइकाचा मोबाइल चार्ज होत असतो.